घर अकोल्यात, ऑफिस पुण्यात: रिमोट टीमशी जोडलेलं राहायचं तर काय करावं लागतं?

जुलै महिना आहे. अकोले तालुक्यात भाताची आवणी सुरू आहे आणि पाऊस चार दिवस थांबलेला नाही. समजा, इथल्या एका गावातला तरुण घरी बसून पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतोय. सकाळी अकराची मीटिंग सुरू होते आणि दहाव्या मिनिटाला लाईट जाते. वायफाय बंद पडतं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तो परत येतो, तोपर्यंत मीटिंग आटोपलेली असते.

पुण्यातले बाकीचे पाच जण मीटिंगनंतर चहाला खाली उतरतात. बोलता बोलता तिथे ठरतं, की शुक्रवारी द्यायचं काम बुधवारीच देऊन टाकू. टपरीवर ठरलेली गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही. अकोल्यातल्या तरुणाला ती कळते बुधवारी दुपारी, "झालं का?" असा मेसेज आल्यावर.

लाईट गेली, यात कुणाचाच दोष नाही. पण ठरलेली गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचवायची कुणी, हे टीमने कधी ठरवलंच नव्हतं. घरून काम करणाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. गावातून काम करायची मुभा एका मेलवर मिळते. टीमशी जोडलेलं राहण्याची सोय मात्र दोन्ही बाजूंनी मुद्दाम करावी लागते. ती कशी करायची, अभ्यास काय सांगतात आणि कायद्यात काय आहे, ते पाहू.

रिमोट, हायब्रिड आणि फ्लेक्सिबल यात फरक काय?

हे तीन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात, पण नोकरीच्या पत्रात यातला कोणता शब्द आहे यावर बरंच काही अवलंबून असतं.

रिमोट म्हणजे कामाची जागा ऑफिसबाहेर. घर, गावातली अभ्यासिका, कुठलंही ठिकाण. हायब्रिड म्हणजे आठवड्यातले काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घर. फ्लेक्सिबल म्हणजे लवचिक वेळ. काम सकाळी सातला सुरू करा किंवा अकराला, पण ठरलेले तास आणि ठरलेलं काम पूर्ण करा.

नोकरी रिमोट असूनही वेळेची अजिबात मोकळीक नाही, असं होऊ शकतं. कॉल सेंटरचं काम घरून करणाऱ्याला शिफ्टची वेळ मिनिटावर पाळावी लागते. उलट ऑफिसला रोज जाणाऱ्याला वेळेची सूट असू शकते. अकोल्यातून पुण्याचं काम करायचं तर 'हायब्रिड' या शब्दापाशी थांबून विचार करावा लागतो. दोन्ही ठिकाणांत साधारण दीडशे किलोमीटरचं अंतर आहे आणि तालुक्यात रेल्वे नाही. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस असेल तर पुण्यात खोली घ्यावीच लागते. महिन्यातून दोन दिवस असेल तर एसटीने जाऊन येणं जमतं.

घरून काम ही कल्पना कोरोनाची देणगी आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती त्याच्या बरीच आधीची आहे. अमेरिकी अभियंता जॅक निल्स यांनी १९७३ मध्ये यासाठी 'टेलिकम्युटिंग' हा शब्द रूढ केला. माणसांनी रोज शहराकडे जाण्याऐवजी टेलिफोनच्या तारांवरून काम माणसांकडे आणता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

२०२० नंतर नेमकं काय बदललं?

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागलं आणि पुण्या-मुंबईतली हजारो मुलं लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी परतली. सरकारी नियमही बदलले. बीपीओ आणि कॉल सेंटरना घरून काम देताना आधी दूरसंचार विभागाच्या बऱ्याच अटी पाळाव्या लागत. नोव्हेंबर २०२० मध्ये विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, बँक गॅरंटीसारख्या अटी काढून टाकल्या आणि घरून काम करणं सोपं केलं.

त्या काळात हा बदल कायमचा आहे, असंच चित्र होतं. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजेच टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये '२५-२५' मॉडेल मांडलं. २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांना ऑफिसात येण्याची गरज पडेल, असं त्यात म्हटलं होतं. पण २०२३ च्या उत्तरार्धात याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सगळे दिवस ऑफिसात यायला सांगितलं. इतरही अनेक कंपन्यांनी हायब्रिडची वाट धरली.

म्हणजे २०२० मध्ये गावी परतलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा शहर गाठावं लागलं. जे गावात राहू शकले, त्यांची अडचण वेगळी झाली. सगळेच घरी होते तेव्हा सगळे एकाच होडीत होते. आता टीममधले आठ जण ऑफिसात आणि एक जण अकोल्यात, अशी स्थिती असते. मागे पडण्याचा धोका त्या एकट्याला जास्त असतो.

अभ्यास काय सांगतात?

या विषयावर मतं भरपूर आहेत, पण नीट आखून केलेले प्रयोग मोजके. त्यातले तीन माहीत असावेत असे आहेत.

पहिला चीनमधल्या सी-ट्रिप या प्रवास कंपनीतला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने हा प्रयोग केला. कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांना चार दिवस घरून आणि एक दिवस ऑफिसातून काम दिलं, तर काहींना पूर्ण वेळ ऑफिसात ठेवलं. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

ही आकडेवारी सोशल मीडियावर खूप फिरते. त्याच अभ्यासातल्या पुढच्या गोष्टी मात्र कमी सांगितल्या जातात. कामगिरी सारखी असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचं प्रमाण कमी होतं. प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करायची संधी दिली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आणखी एक बाब अशी, की या प्रयोगात ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आणि कामासाठी स्वतंत्र खोली होती, त्यांनाच घेतलं होतं. १३ टक्क्यांचा आकडा वाचताना ही अट लक्षात ठेवायला हवी. चार-सहा माणसांच्या दोन खोल्यांच्या घरात तोच निकाल येईल, असं धरून चालता येत नाही.

दुसरा अभ्यास मायक्रोसॉफ्टचा. अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या मेल, मेसेज आणि मीटिंगच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या छोट्या गटाशीच जास्त बोलू लागले आणि दुसऱ्या विभागातल्या लोकांशी संपर्क घटला, असं त्यात दिसलं. प्रत्यक्ष वेळी होणारं बोलणं कमी झालं, मेल आणि मेसेज वाढले. रोजच्या कामाला याने फारशी अडचण येत नाही. पण नवी माहिती, नवी संधी, दुसऱ्या टीममधली रिकामी जागा या गोष्टी बहुतेक वेळा ओळखीच्या ओळखीतूनच कळतात. तीच वाट बंद होते.

तिसरा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. तोही ब्लूम आणि सहकाऱ्यांचा. सी-ट्रिपचं नाव आता ट्रिप डॉट कॉम झालं होतं. तिथल्या १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं. राजीनाम्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. कामाचं मूल्यमापन आणि बढती यावर पुढच्या दोन वर्षांत काही वाईट परिणाम दिसला नाही. सगळ्यात जास्त फायदा झाला तो महिलांना आणि ज्यांचा ऑफिसपर्यंतचा प्रवास लांबचा होता त्यांना.

तिन्ही अभ्यास एकत्र वाचले तर काय दिसतं? घरून काम केल्याने काम बिघडतं, याला या प्रयोगांत आधार मिळत नाही. बिघडू शकते ती लोकांची एकमेकांशी असलेली ओळख आणि त्यावर अवलंबून असलेली प्रगती. अधूनमधून प्रत्यक्ष भेट होत राहिली, तर तो तोटा बराच टळतो.

अकोल्यातून काम करताना अडचण कुठे येते?

अकोले हा अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, सह्याद्रीला टेकलेला तालुका. राज्यातलं सर्वांत उंच, १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर इथलंच. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि भंडारदऱ्याचं धरणही इथलंच. अकोले शहर आणि प्रवरेकाठची गावं एका बाजूला, तर घाटघर, रतनवाडीसारखी डोंगरातली आदिवासी गावं दुसऱ्या बाजूला. त्यामुळे 'अकोल्यात नेट आहे का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शहरात फायबरचं कनेक्शन मिळतं. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत मात्र रेंजसाठी ठरावीक टेकाडावर जाऊन उभं राहावं लागू शकतं. मोबाइलची लहर डोंगर भेदून जात नाही. टॉवर जवळ असला तरी मधे कडा आला की पलीकडची वाडी रेंजबाहेर राहते.

सरकारी योजना आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या प्रकल्पाला केंद्राने २०११ मध्येच मंजुरी दिली. पुढे तो 'भारतनेट' नावाने ओळखला जाऊ लागला. ४जी नसलेल्या देशभरातल्या २४,६८० गावांसाठी जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि तिची जबाबदारी बीएसएनएलवर देण्यात आली. पण फायबर ग्रामपंचायतीत पोहोचणं आणि वाडीवरच्या घरात वायफाय चालणं यात अंतर असतं. गावातून काम करायचं ठरवण्याआधी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत, पावसाळी दिवशी रेंज तपासून पाहावी.

दुसरी अडचण विजेची. घाटमाथ्यावर पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की दुरुस्तीला वेळ लागतो. लॅपटॉपची बॅटरी चालते, पण लाईटबरोबर राउटर बंद होतो. राउटरला फार वीज लागत नाही. त्याच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास नेट चालू ठेवतो आणि त्याचा खर्च घराच्या इन्व्हर्टरपेक्षा खूप कमी असतो. अर्थात पलीकडचा टॉवर किंवा फायबरची यंत्रणाच विजेविना बंद पडली, तर घरातल्या यूपीएसचा उपयोग नाही. म्हणून वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम जवळ असावं.

तिसरी अडचण डेटाची. ग्रुप व्हिडिओ कॉलला तासाला एक जीबीच्या आसपास किंवा त्याहून जास्त डेटा लागू शकतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा मोबाइल प्लॅन असेल तर दोन मीटिंगमध्येच तो संपतो. कॅमेरा बंद करून नुसता आवाज ठेवला तर डेटा कित्येक पटींनी वाचतो. 'कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे' हा नियम पुण्यात बसून करणं सोपं आहे, मोबाइल डेटावर काम करणाऱ्याला तो खिशातून पाळावा लागतो.

चौथी अडचण घरातली. मुलगा किंवा सून दिवसभर घरात दिसते, तेव्हा ती 'कामावर' आहे हे घरच्यांना पटायला वेळ लागतो. दूध डेअरीवर घालून ये, पाहुण्यांना चहा ठेव, आवणीला दोन तास हात लाव, अशी कामं येतच राहतात. बायकांच्या वाट्याला ती जास्त येतात. लवचिक वेळेचा खरा उपयोग इथे होतो. आवणीच्या आठवड्यात सकाळी सहा ते दहा काम, मग शेत, आणि दुपारी तीननंतर पुन्हा काम, असं टीमला आधी सांगून ठरवता येतं. न सांगता केलं, तर तेच 'हा कधी जागेवर नसतो' असं दिसतं.

तालुक्यातल्या जुन्या 'रिमोट टीम'

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. विखुरलेल्या टीमने काम करणं अकोल्याला नवं नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत. वरिष्ठ रोज समोर नसतात, सहकारी दुसऱ्या गावात असतात, आणि तरी काम एका साखळीत चालतं.

ही साखळी टिकते ती काही साध्या गोष्टींवर. आशा सेविका आपल्याच वस्तीत काम करतात, पण त्यांच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मधे गटप्रवर्तक असते. अडचण कुणाला सांगायची, हे प्रत्येकीला माहीत असतं. आरोग्य केंद्रावर महिन्याची बैठक होते. एक-दोन शिक्षकी शाळेतल्या शिक्षकांना केंद्रप्रमुख असतात आणि केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद भरते. तिथे प्रशिक्षणाइतकंच एकमेकांना भेटणं होतं. काय झालं, काय राहिलं, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. माणूस बदलला तरी माहिती जागेवर राहते.

याच क्षेत्रांनी डिजिटल जोडणीची दुसरी बाजूही दाखवली. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट आहेत, सारखे बंद पडतात, दुरुस्तीचा खर्च आमच्यावर पडतो, आणि माहिती भरायचं 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा मोबदल्यात वाढ करा या मागणीबरोबरच ऑनलाइन कामांची सक्ती नको, ही मागणीही होती.

आयटी कंपनीतल्या तरुणाला हे दूरचं वाटेल, पण प्रश्न तेच आहेत. काम करायचं साधन कुणाच्या खर्चाने? ते बिघडलं तर दुरुस्ती कुणाची? बोलायची भाषा सगळ्यांना येते का? आणि रात्री आलेल्या मेसेजला कधीपर्यंत उत्तर द्यायचं?

टीम जोडलेली ठेवण्यासाठी काय करता येतं?

१. ठरलेलं लिहिलं गेलंच पाहिजे. निर्णय मीटिंगमध्ये झाला, फोनवर झाला की चहाच्या टपरीवर, तो त्याच दिवशी टीमच्या सामायिक जागी लिहायचा. स्लॅक, टीम्स, गुगल डॉक किंवा साधा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, काहीही चालेल. तीन ओळी पुरतात: काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. जोपर्यंत ते लिहिलेलं नाही, तोपर्यंत ते ठरलेलं नाही, असा नियमच केला तर लांब असलेल्या माणसाचा निम्मा त्रास वाचतो. ऑफिसात असलेल्यांनाही त्या दिवशी रजेवर असताना त्याचा उपयोग होतोच.

२. सगळ्यांच्या सामाईक वेळा कमी, पण पक्क्या असाव्यात. उदाहरणार्थ, रोज अकरा ते एक आणि चार ते पाच या वेळेत प्रत्येक जण उपलब्ध असेल. बाकीचे तास ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावेत. अशाने लवचिकताही राहते आणि कुणाला कधी गाठायचं हेही कळतं.

३. लाईट जाणार, हे धरूनच नियम करावा. नेट गेलं तर काय करायचं, हे आधी ठरलेलं असेल तर गोंधळ होत नाही. पहिल्या पाच मिनिटांत एसएमएस किंवा साधा फोन. मेसेज असा असू शकतो: "लाईट गेली आहे. लॅपटॉप तीन तास चालेल. ऑफलाइन काम सुरू आहे. मीटिंगमधलं माझ्याशी संबंधित काही असेल तर दुपारी एकला फोन करा." यात कारण आहे, पुढचं काम आहे आणि कधी बोलता येईल तेही आहे. त्या दिवशी टीममधल्या एकाने मीटिंगचं सार त्याला फोनवर सांगायचं, हेही आधीच नेमून द्यावं.

४. एक जण ऑनलाइन असेल तर मीटिंग सगळ्यांची ऑनलाइन. आठ जण एका खोलीत आणि एक जण पडद्यावर असेल, तर खोलीतलं हसणं-बोलणं त्या एकाला ऐकूच जात नाही. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून मीटिंगला बसलं तर सगळे एका पातळीवर येतात. रोज शक्य नसेल, तर महत्त्वाच्या बैठकांना तरी हे करावं. बाहेरून जोडलेल्या माणसाला आधी बोलायला द्यावं, हा त्याहूनही सोपा उपाय.

५. कामाशिवायचं बोलणं ठरवून करावं. ऑफिसात ते आपोआप होतं, लांबून होत नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांचा फोन, ज्यात कामाचा विषय काढायचा नाही, एवढं पुरे. दर शुक्रवारी सक्तीचे ऑनलाइन खेळ ठेवायची गरज नाही. नव्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांसाठी टीममधला एक जोडीदार द्यावा. 'हे विचारलं तर हसतील का' असे प्रश्न तो त्याला विचारू शकतो.

६. प्रत्यक्ष भेटीचं वेळापत्रक आणि खर्च आधी ठरवावा. महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदा सगळ्यांनी भेटावं. त्या दिवशी प्रत्येकाने खाली मान घालून लॅपटॉपवर बसायचं असेल, तर अकोल्याहून पुण्याला येण्यात अर्थ नाही. आखणी, वादाचे मुद्दे, ओळखीपाळखी ही कामं त्या दिवसासाठी राखून ठेवावीत. कधीतरी उलट करून टीमनेच भंडारदऱ्याला यावं. आपला सहकारी कुठून काम करतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'तुझं नेट नेहमीच कसं जातं?' हा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही.

७. आपलं काम दिसेल असं ठेवावं. ही जबाबदारी लांब असलेल्याची. आठवड्याच्या शेवटी पाच ओळींची नोंद मॅनेजरला पाठवावी: काय पूर्ण केलं, काय अडलं, पुढे काय. वर्षाच्या शेवटी पगारवाढीच्या चर्चेत याच ५० नोंदी कामी येतात. बढती हुकण्याचा जो धोका सी-ट्रिपच्या अभ्यासात दिसला, त्यावर कर्मचाऱ्याच्या हातात असलेला हा एक उपाय आहे.

मॅनेजरच्या बाजूनेही एक काळजी घ्यावी लागते. काही कंपन्या माउस हलतो का, स्क्रीनवर काय आहे, हे टिपणारी सॉफ्टवेअर लावतात. त्यातून माणूस खुर्चीत आहे का एवढं कळतं, काम झालं का ते कळत नाही. लाईट गेल्यावर वहीत आकृती काढत बसलेला कर्मचारी अशा सॉफ्टवेअरला रिकामटेकडा दिसतो. मोजायचं असेल तर ठरवून दिलेलं काम मोजावं.

कायदा काय सांगतो?

भारतात घरून काम हा सरसकट प्रत्येक कर्मचाऱ्याचा हक्क नाही. तो मुख्यतः नोकरीच्या कराराचा विषय आहे. तरी काही तरतुदी माहीत असाव्यात.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. कामाचं स्वरूप तसं असेल, तर प्रसूती रजा संपल्यावर महिला आणि मालक यांच्या सहमतीने घरून काम करता येईल, अशी तरतूद त्यात आली. सहमती हा त्यातला कळीचा शब्द आहे. मालकावर त्याची सक्ती नाही.

केंद्राने ३१ डिसेंबर २०२० ला सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा प्रसिद्ध केला. नियुक्तीच्या अटी किंवा मालक-कर्मचारी करारानुसार घरून काम देता येईल, असं त्यात म्हटलं होतं. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार स्थायी आदेशांची तरतूद ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. छोट्या कंपनीतल्या कर्मचाऱ्यासाठी म्हणून नियुक्तीपत्रच महत्त्वाचं ठरतं.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या व्यापक आहे. घरून काम करताना कामाच्या निमित्ताने आलेले मेसेज किंवा व्हिडिओ कॉलवरचं वर्तन याचीही तक्रार करता येते. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. रिमोट कर्मचाऱ्याला त्या समितीतल्या सदस्यांची नावं आणि संपर्क माहीत हवेत.

कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क म्हणजेच 'राइट टू डिस्कनेक्ट' भारतात अजून कायदा झालेला नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी यासाठी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचा कायदा क्वचितच होतो, पण विषय त्यामुळे चर्चेत राहिला. फ्रान्समध्ये अशी तरतूद १ जानेवारी २०१७ पासून आहे, तर ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून.

गावातून काम स्वीकारण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत?

ऑफर हातात असताना हे प्रश्न विचारणं सोपं असतं, सहा महिन्यांनी अवघड जातं. उत्तरं मेलवर घ्यावीत.

रिमोट हे कायमचं आहे की कंपनी कधीही ऑफिसात बोलावू शकते? बोलावलं तर किती दिवसांची मुदत मिळेल? पगार गावातल्या पत्त्यानुसार बदलतो का? लॅपटॉप कुणाचा, इंटरनेटचं बिल कोण भरणार, राउटरच्या यूपीएसचे किंवा दुसऱ्या सिमचे पैसे मिळतील का? ऑफिसला बोलावल्यावर प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाचा? लाईट किंवा नेट दिवसभर गेलं, तर ती रजा धरणार की तास नंतर भरून काढता येतील? टीममध्ये आणखी किती जण रिमोट आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाला गेल्या दोन वर्षांत बढती मिळाली आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंच काही सांगून जातं. बाकी सगळे ऑफिसात आणि तुम्ही एकटेच बाहेर असाल, तर वर दिलेले नियम टीमकडून पहिल्याच आठवड्यात ठरवून घेणं गरजेचं आहे.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे परत येऊ. पाऊस तोच, लाईटही दहाव्या मिनिटाला जाते. तरुण पाच मिनिटांत एसएमएस करतो. मीटिंग संपते, पाच जण चहाला जातात, काम बुधवारीच द्यायचं ठरतं. त्यातली एक जण टपरीवर उभ्या उभ्या ग्रुपवर तीन ओळी टाकते आणि एक वाजता अकोल्याला फोन लावते. तरुणाकडे बुधवारपर्यंतचा वेळ असतो. कदाचित तो तिला सांगेलही, की मला बुधवारी जमणार नाही, आमच्याकडे आवणी आहे, मी मंगळवारी रात्रीच देतो.